अंगठीसकट शून्य

अल्बर्ट पहिल्यापासून हट्टी. अबुधाबीत सगळी नोकरी अॅम्प्लिफायर दुरुस्त करण्यात गेलेली, तेव्हा धातू शोधायचं मशीन तो विकत कशाला घेतोय! स्वतःच बांधलं. शोधायची होती बायकोची, कॉन्सेप्टाची लग्नाची अंगठी. आजारपणात तिची बोटं पार काडी झाली आणि शेवटच्या पिकनिकला अंगठी इथल्याच किनाऱ्यावर वाळूत गळून पडली. "मला रिकाम्या हातानं पुरू नका," एवढंच तिनं मागितलं होतं. गावी, वसईला तिला तसंच पुरावं लागलं. आता व्हिसा संपला, तो कायमचा परत निघाला होता, आणि तिच्या कबरीवर जाताना खिशात अंगठी हवी होती.

दर रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की तो किनारा पालथा घालायचा. मशीन आपलं ढिम्म. अॅम्प्लिफायरला अधिक आणि वजा, दोन्हीकडून व्होल्ट लागतात. वजाची बाजू कमी पडत होती, तिला त्यानं वेगळी बॅटरी दिली. मग ऑफसेटचा, म्हणजे शून्य जुळवायचा बारीक स्क्रू फिरवून, जवळ धातू नसताना काटा शून्यावर आणायचा. घरातलं टेबल लोखंडी, म्हणून धातू हेरणारी तारेची गोल कॉइल डाव्या हातात उंच धरून तो हे करायचा.

मरीना भागात राहणाऱ्या लेकीनं, लॅरिसानं, व्हिडिओ कॉलवर ते पाहिलं. "डॅडा, युवर रिंग. टेक इट ऑफ ना."

अल्बर्टनं डाव्या हाताकडे पाहिलं. अहो, बोटातली अंगठी कॉइलला चिकटूनच होती की! अंगठी म्हणजे काहीच नाही, असं त्यानंच मशीनला शिकवून ठेवलं होतं. पण सुचणार कसं? वेदीसमोर कॉन्सेप्टानं घातलेली ती अंगठी त्यानं अंघोळीतही काढली नव्हती. साबण लावून काढली आणि त्याला ढसाढसा रडू आलं.

शेवटच्या सकाळी किनाऱ्यावर मशीन खूप वाजलं. बाटल्यांची झाकणं निघाली, खिळे निघाले, एक किल्ली निघाली. ऊन चढलं. मशीनच खोटं असेल म्हणून त्यानं स्वतःची अंगठी वाळूत पुरून पाहिली, तर ते खणखणीत वाजलं. म्हणजे मशीन खरं होतं आणि तिची अंगठी तिथं नव्हती. एवढ्या मोठ्या किनाऱ्यावर त्याला फार एकटं वाटलं.

त्यानं आपली अंगठी उकरून काढली, पुसली, पण बोटात घातली नाही.

"ही घे तू, कॉन्सेप्टा. रिकाम्या हातानं मी राहतो."

त्यानं ती शर्टाच्या खिशात टाकली आणि कॉइल छातीशी धरून उठला. मशीन वाजू लागलं. गाडीपर्यंत त्यानं ते बंद केलं नाही.