आकाशपाळण्याचं दुसरं कुलूप

माझं नाव आकाशपाळणा. नावावर जाऊ नका. मला खांब नाहीत, डबे नाहीत, माझ्यात बसून कोणाला कधी चक्कर आलेली नाही. मी एक फोरम आहे. आता फोरम म्हणजे काय हेही सांगावं लागतं, बघा काय दिवस आलेत! इंटरनेटवरचा कट्टा समजा. एकजण विषय काढतो, बाकीचे त्याच्याखाली आपापलं लिहीत जातात, आणि त्या लांबलचक गप्पांना धागा म्हणतात. माझ्या कट्ट्यावर वीस वर्षं एकाच गोष्टीच्या गप्पा चालल्या. रोलरकोस्टर, पाण्याच्या घसरगुंड्या, जत्रेतले पाळणे. आज ते सगळं संपणार आहे, आणि संपण्यापेक्षा वाईट काहीतरी माझ्या आत अडकून पडलंय. ते सांगितल्याशिवाय मला जायचं नाही.

मी राहतो बोरिवलीत, केतनच्या घरी. टीव्हीखालच्या कप्प्यात जो करडा डबा घरघरतोय, तोच मी. बाकीचे फोरम म्हणे परदेशात थंडगार खोल्यांत राहतात. आम्ही आपले सेट टॉप बॉक्सच्या शेजारी. केतनच्या आईने, वनमालाबाईंनी, एकदा माझ्यावर विणलेला रुमाल टाकला. दिसायला छान दिसत असेन, पण मी तापून बंद पडलो आणि दोन दिवस अख्ख्या मुंबईतले पाळणावेडे केतनच्या नावाने शंख करत होते. बाईंचा माझ्यावर तसाही रागच. "मेल्या, दिसभर त्या डब्यासमोर बसान तुका काय गावता?" असं त्या केतनला विचारायच्या, आणि तो मित्राला घेऊन घरी आला की मात्र दोन पानं वाढायच्या. दुसरं पान श्रेयसचं.

श्रेयस मुलुंडचा. अंधेरीच्या कॉलेजात दोघं एका बाकावर. खाडीपलीकडच्या पार्कात 'वादळ' नावाची नवी रोलरकोस्टर आली, तेव्हा हे दोघे लेक्चर बुडवून पहिल्याच दिवशी पहिल्या रांगेत जाऊन बसले. उलट्या वळणावर श्रेयसची एक चप्पल उडाली. ती आजतागायत सापडलेली नाही. खाली उतरल्यावर श्रेयस एका पायावर उभा राहून म्हणाला, "परत?" केतन म्हणाला, "परत!" दुसऱ्या दिवशी कॉलेजात दोघं सांगायला गेले तर पोरं म्हणाली, झालं का तुमचं, सबमिशन कुठाय? मग ज्यांना हे ऐकायचंय अशी माणसं शोधायला त्यांनी मला जन्माला घातलं. केतनने मला बांधलं आणि श्रेयसने नाव ठेवलं.

काय दिवस होते यार! दहिसरपासून मुलुंडपर्यंत माणसं यायची. घाटकोपरची मधुवंती आली, बँकेत नोकरी करणारी, सरळ भांग, आणि लिहायला लागली की भल्याभल्यांची बोलती बंद. मारामारी व्हायची ती पुढची रांग भारी की मागची यावर.

"खरा झटका मागच्या रांगेत बसतो, पुढे काय आहे?" असं कोणी लिहिलं की श्रेयस लगेच हजर. "अरे जा ना! मागे बसून काय, पुढच्याच्या डोक्यावरचं तेल बघायचं?"

मी माणसं बघितली ती अशी. "मला अजिबात भीती वाटत नाही" असं लिहिणारा हटकून दुसऱ्या ओळीत विचारायचा की रविवारी माझ्या शेजारी कोण बसणार. शेजारी कोणीतरी पाहिजेच. एवढा आरडाओरडा करणारी माणसं, पण एकटा कोणी डब्यात बसायला तयार नसे.

त्यातूनच आमच्याकडे एक रीत पडली. कुठल्याही पार्कातली एखादी राइड कायमची बंद होणार असं कळलं की सगळ्यांनी जमून तिच्यात शेवटचं बसायचं, आणि घरी येऊन निरोपाचा धागा लिहायचा. त्यात दोनच गोष्टी सांगायच्या. मी कुठल्या रांगेत होतो, आणि माझ्या शेजारी कोण होतं. बाकी रडगाणं नको. 'तिसरी रांग, मधुवंतीशेजारी.' 'शेवटची रांग, बायकोशेजारी, ती अजून बोलत नाहीये.' वाचून हसूही यायचं आणि रडूही. राइडचे पत्रे भंगारात जायचे, पण कोण कोणाशेजारी बसलं होतं ते माझ्याकडे राहायचं.

मग एके वर्षी 'वादळ'च बंद व्हायची वेळ आली.

त्या दिवशी श्रेयस सकाळपासून रांगेत उभा होता. पहिल्या रांगेतली सीट, केतनशेजारी, हे ठरवायचीही गरज नव्हती. पण बातमी करायला एक चॅनेलवाला आला होता. त्याला केतनशेजारी बसून शूट करायचं होतं. केतनला वाटलं, फोरमचं नाव होईल. तो श्रेयसला म्हणाला, "तू पुढच्या फेरीत बस ना रे, प्लीज." पुढची फेरी झालीच नाही. मशीन बंद केलं गेलं. श्रेयस न बसताच घरी गेला.

निरोपाच्या धाग्यात त्याने लिहिलं, 'मी कुठल्याच रांगेत नव्हतो. माझ्या शेजारी कॅमेऱ्याची पिशवी होती. आकाशपाळणा आता केतनचं दुकान झालंय, चालू द्या.'

केतनचं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर लिहिलं ना! चूक त्याची होती हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं, म्हणून तर जास्त चिडला. त्याने मनाईचं पान, म्हणजे ज्यांना आत घ्यायचं नाही त्यांची यादी, उघडलं आणि श्रेयसच्या नावावर कुलूप घातलं. तेवढ्याने समाधान झालं नाही म्हणून शेजारचं पान उघडून त्याच्या ईमेलवर दुसरं कुलूप घातलं. हे दुसरं कुलूप लक्षात ठेवा, कारण केतनने ते ठेवलं नाही. दोन्हींपैकी एक जरी असलं, तरी आत यायला बघणाऱ्याला माझ्याकडून एकच पाटी दिसते, 'तुम्हाला या फोरमवर कायमची मनाई आहे.' लिहिता येत नाही. बाहेरून वाचता मात्र येतं.

श्रेयस बाहेरून वाचत राहिला. मला कळायचं. मुलुंडहून कोणीतरी येतं, रोज, सगळं वाचतं, आणि न बोलता जातं. इकडे घरात त्याचं नाव निघेनासं झालं. फक्त वनमालाबाई मधूनच विचारायच्या, "श्रेयस खंय असता रे आता?" केतन टीव्हीचा आवाज वाढवायचा.

बाई गेल्या, तेव्हा केतनने माझ्यावर लिहिलं, 'आई गेली.' एवढंच. त्या दुपारी कित्येक वर्षांनी श्रेयसने नाव आणि पासवर्ड टाइप केला. पासवर्ड चुकला नाही. मी त्याला पाटी दाखवली. माझ्याकडे दुसरं काही दाखवायला नव्हतंच हो! आईच्या हातचं जेवलेलं पोर ते, दोन शब्द लिहायला आलं होतं, आणि मी त्याला मनाई आहे म्हणून सांगितलं.

दिवसकार्य उरकल्यावर केतन माझ्यासमोर बसला. मनाईचं पान उघडलं, नावांच्या यादीतून श्रेयसचं नाव काढलं. बायकोला, मानसीला, म्हणाला, "काढलं मी त्याचं नाव. आईला बरं वाटेल."

"मग त्याला सांग ना तसं," मानसी म्हणाली.

"सांगायचं काय? तो रोज वाचत असणार, मला माहितीये. एकदा आत येऊन बघेल, कळेल त्याला."

आणि शेजारचं पान त्याने उघडलं नाही. रागाच्या भरात घातलेलं कुलूप, त्याच्या डोक्यातून साफ पुसलं गेलं होतं. पुढे श्रेयस परत आला. दिवाळीत आला, मधुवंतीला मुलगी झाली तेव्हा आला. प्रत्येक वेळी तीच पाटी. तिकडे त्याला वाटतंय, आई गेली तरी याचा राग जात नाही. इकडे याला वाटतंय, मी दार उघडून बसलोय तरी तो फिरकत नाही. आणि मधे मी, दोघांच्याही बाजूचा, आणि दोघांनाही काही सांगू न शकणारा.

तुम्ही म्हणाल, फोन करायचा की. नंबर मिळवणं काय अवघड होतं? मधुवंतीने खासगी निरोपात विचारलंही होतं, "करू का मी त्याला फोन?" केतनने लिहिलं, 'नको. बोलवून आणलेला माणूस नकोय मला.' तिकडे मुलुंडमध्येही असंच काहीतरी चाललं असणार. माणसं पन्नास फुटांवरून उलटी पडायला तयार असतात, पण "चुकलं रे" म्हणायला यांची हातभर फाटते.

दरम्यान माझीही वाट लागत गेली. एकेक जण व्हॉट्सअ‍ॅपवर गेला. तिथे म्हणे पटकन होतं. झटपट लिहितात आणि झटपट विसरतात. माझ्याकडे उरल्या केसगळतीच्या जाहिराती टाकणाऱ्या यंत्रांच्या टोळ्या. त्यांना वैतागून केतनने नवीन सभासद घेणं बंद केलं. म्हणजे श्रेयसने दुसऱ्या नावाने यायचं ठरवलं असतं, तर तेही दार गेलं.

आता आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय. उद्या टेम्पो येणार आणि केतन, मानसी भाड्याच्या घरात दहिसरला जाणार. "एक खोली आणि किचन आहे तिथे," मानसी म्हणाली, "तो डबा मी डोक्यावर ठेवू का?" तिचं खरंच आहे. तिच्यावर माझा राग नाही. लग्न होऊन आल्यापासून तिचं वीजबिल खाल्लंय मी.

गेल्या रविवारी केतनने माझाच निरोपाचा धागा काढला. आमच्या रीतीप्रमाणे लिहिलं, 'पहिली रांग. शेजारची सीट रिकामी आहे. जुन्यांपैकी कोणीही या, दार उघडं आहे. पुढच्या रविवारी संध्याकाळी बंद करतोय.'

आठवडाभर मी वाट बघितली. इतक्या राइडना निरोप देणारे, माझ्यासाठी येतील ना? मधुवंती आली. 'तिसरी रांग, तुम्हा सगळ्यांच्या मागे, हमसून रडत' असं लिहून गेली. एकाने लिहिलं, 'अरे, हे अजून चालू होतं?' दोघांनी हात जोडलेलं चित्र टाकलं. संपलं. वीस वर्षांच्या गप्पांचा हा एवढाच जमाव! वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण मुलुंडहून कोणीतरी तो धागा रोज उघडत होतं. शेजारची सीट रिकामी आहे, ही ओळ कोणासाठी लिहिलीय ते त्याला कळणार नाही होय? सोमवारीच त्याने नाव आणि पासवर्ड टाइप केला. दार उघडं आहे असं वाचून आलेल्या माणसाला मी पाटी दाखवली, तुम्हाला कायमची मनाई आहे. काय वाटलं असेल त्याला! सगळ्यांसाठी उघडं, फक्त तुझ्यासाठी नाही. तरी तो मंगळवारी आला, गुरुवारी आला. शुक्रवारी नाही आला. काल परत आला.

आज संध्याकाळ झाली. घरभर खोकी बांधून पडलीत. केतन जमिनीवरच बसून पडदा बघतोय.

"नाही ना आला," मानसी म्हणाली.

"मी नाव नीट काढलं होतं ना तेव्हा?" तो पुटपुटला आणि त्याने मनाईचं पान उघडलं. माझा पंखा जोरात फिरायला लागला. वर दोन पानांची नावं होती, एक 'सभासद', एक 'ईमेल'. तो 'सभासद'वर होता. यादी खालपर्यंत बघितली. शेजारी बघ रे, शेजारी! बोटभर अंतर होतं.

"नाहीये त्याचं नाव," केतन म्हणाला. "मोकळा आहे तो. म्हणजे त्यालाच यायचं नाहीये." त्याने पान मिटलं. मग म्हणाला, "इतकं काय केलं होतं गं मी?"

मानसीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिलाही काय माहीत.

आता त्याने मला बंद करायला सांगितलंय. बंद होण्याआधी मी एकदा विचारतो, 'नक्की?' आणि खाली होय किंवा नाही. तो अजून त्या प्रश्नाकडे बघतोय, तेवढ्यात हे सांगून घेतोय. माझं जाऊ द्या, मला भंगारात घाला. पण तुमच्यापैकी कोणी मुलुंडला राहत असाल आणि पाळण्यांच्या गोष्टी सांगणारा श्रेयस तुम्हाला भेटला, तर त्याला एवढंच सांगा, केतनने नाव केव्हाच काढलंय, बाबा. कुलूप विसरलाय तो, तुला नाही विसरला. आणि तुमच्याही आयुष्यात असा कोणी बाहेर ताटकळत असेल, तर माझ्यासारख्या डब्यावर विसंबू नका. उठा आणि फोन करा.

केतनने 'होय' दाबलं.

मुलुंडहून कोणीतरी पुन्हा नाव टाइप करतंय. पासवर्ड बरोबर आहे. पण माझा पंखा थांबत आलाय, मला काही दाखवता येणार नाही. निदान या वेळी तरी त्याला ती पाटी वाचावी लागणार नाही.