झोप उत्तम

"आधी वीस किलो उतरवा, मग बोलू. आत्ता तपासणी करून उपयोग काय?"

"आणि वीस किलो उतरेपर्यंत यांनी श्वास घ्यायचा नाही का?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. बायकोनं मध्ये तोंड घातलेलं त्यांना आवडलं नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. शेजारी तिचा नवरा अंग चोरून बसला होता. खुर्चीला हात होते, आणि त्या दोन हातांत मावायचं म्हणून तो एका कुशीवर कलला होता. शाळेत अंगठे धरून उभ्या केलेल्या पोरासारखं तोंड करून जमिनीकडे बघत होता. नुसता हो ला हो.

भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजलेला. त्याची कामावरची पाळी दोनची.

नवरा छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर होता. बावीस वर्षं. उशीएवढा जाड गठ्ठा पात्याखाली सरकवायचा, पातं खाली, खच्च, पुढचा गठ्ठा. सगळे त्याला पैलवान म्हणायचे. गेल्या महिन्यात पैलवानाचा मशीनसमोर उभ्या उभ्या दोनदा डोळा लागला. दुसऱ्या वेळेला मुकादमानं कॉलर धरून मागे ओढलं म्हणून निभावलं. मुकादम तसा वाईट नाही. म्हणाला, "आजार असेल तर डॉक्टरचा कागद आण, तुला बांधणीच्या टेबलावर बसवतो. कागद नसेल तर मी त्याला आळसच म्हणणार."

म्हणून तीन आठवड्यांपूर्वी हा एकटाच इथे आला होता. आणि तिथेच माशी शिंकली.

डॉक्टरांनी विचारलं, झोप कशी लागते? हा छाती फुगवून म्हणाला, "पडल्या पडल्या! कोणाचं वाईट चिंतत नाही डॉक्टर, मग का नाही लागणार?" यांच्या घरात ही मिरवायची गोष्ट होती. लग्न ठरवताना सासूनं तिच्या आईला हेच सांगितलेलं, माझ्या लेकाला अंथरुणाला पाठ टेकायचा अवकाश. डॉक्टरांनी लिहून टाकलं : झोप उत्तम. वजन जास्त. चालणे वाढवावे.

तो कागद मुकादमानं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. "झोप उत्तम! ऐका रे, शिक्का मारलेली झोप आहे पैलवानाची!" अख्खा छापखाना हसला. हाही हसला म्हणे. घरी येऊन मात्र भिंतीकडे तोंड करून बसला. आणि काल मुकादमानं शेवटचं सांगितलं : उद्या दोनपर्यंत धड कागद आण, नाहीतर पात्यावर उभा राहा आणि परत झोपेचं रडगाणं गाऊ नको.

म्हणून आज ती शिलाईच्या दुकानातून अर्धा दिवस सुट्टी काढून सोबत आलेली.

"डॉक्टर, यांच्या छापखान्यातला मुद्रितं तपासणारा आहे ना, तुमच्याकडेच येतो. त्याला सगळे काडी म्हणतात. फुंकर मारली तर उडेल. तोही घोरतो. त्याला तुम्ही पहिल्याच दिवशी झोपेची तपासणी लिहून दिलीत."

"त्यांची गोष्ट वेगळी."

"काय वेगळी? त्याचा तो गळा आणि यांचं काय नळकांडं आहे?"

"हे बघा, वजन उतरलं की घोरणं आपोआप..."

"गेल्या वर्षी नऊ किलो उतरवलं यांनी. पोट मारून. घोरणं तसूभर हललं नाही आणि वजन चार महिन्यांत घरी परत. वजनाचं काय करायचं ते करू की आम्ही. पण श्वास आत्ता बंद पडतोय, त्याचं काय?"

"बंद पडतो म्हणजे नक्की..." डॉक्टर थांबले.

कारण पैलवान झोपला होता. भांडण त्याच्यावरून चाललेलं, आणि त्याची हनुवटी छातीवर टेकलेली. एकदा घोरला, दोनदा घोरला. मग आवाजच गेला. छाती वर यायला धडपडत होती, नाकातोंडातून काही जात नव्हतं.

डॉक्टर काही बोलणार तोच तिनं हात वर केला. "थांबा. मोजा." आणि मोजायला लागली. काज घालताना टाके मोजते तशी, एका लयीत. सात. आठ. नऊ. चौदाला त्याचे ओठ काळपट व्हायला लागले. वीस झाले. डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. सव्वीसला त्यानं पाण्यातून वर आल्यासारखा घर्रकन श्वास ओढला, हात टेबलावर आपटला आणि डोळे उघडून म्हणाला, "हो डॉक्टर, चालतो ना मी रोज."

कोणीच हसलं नाही.

डॉक्टरांनी गुपचूप कागद ओढला आणि तपासणी लिहून दिली. "सात आठवड्यांनंतरची तारीख मिळेल. रांग आहे."

"मिळू दे. पण नुसत्या तपासणीच्या चिठ्ठीवर यांचा मुकादम ऐकायचा नाही, आज कामावर द्यायला दोन ओळी लिहा. तपासणी होईपर्यंत पात्यावर उभं करू नका, एवढंच."

"अहवाल आल्याशिवाय मला तसं लिहिता येत नाही. उद्या कोणी विचारलं कशावरून लिहिलं, तर?"

"आत्ता बघितलंत ना डोळ्यांनी!"

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं नाही. बेल दाबली. पुढचा पेशंट दारात उभाच होता.

जिन्यावर तो दर पाचव्या पायरीला थांबत होता. "माझंच चुकलं," म्हणाला, "मीच सांगितलं ना झोप छान म्हणून."

"झोपलेल्या माणसाला काय कळतंय? कान माझे जागे असतात. तेव्हाच सोबत यायला हवं होतं मी." मग खालच्या पायरीवर त्याला आडवी येऊन, "अहो, आज नका जाऊ."

"मग ते टेबलही गेलं आणि मशीनही गेलं."

"निदान मशीनला काहीतरी असेल ना? हात आत असला तर थांबत असेल ना ते?"

खाली रस्त्यावर आल्यावर तो उगाच शर्टाची बटणं चाचपत राहिला. "दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय पातं पडत नाही."

"मग झालं तर!"

"एका बटणात आम्ही लाकडाची खुंटी ठोकलीय. सगळ्यांनी मिळूनच. ते दाबलेलंच राहतं, एक हात मोकळा होतो, गठ्ठे पटापट निघतात."

बावीस वर्षांत हे तो तिला आज सांगत होता. तिनं त्याचं मनगट पकडलं, दोन्ही हातांनी, घट्ट. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली तरी सोडेना.

"काढून टाका ती खुंटी. आज. जाताक्षणी."

"बाकीचे काय म्हणतील? पैलवानाला झोप येते म्हणून सगळ्यांनी दोन हातांनी..."

"म्हणू दे!"

"अगं, सोड हात. दोनला दहा कमी आहेत. निघायला हवं मला आता."