मोतीबिंदू झालेली मोटार

"अगं, समोरच्या दिव्याभोवती मला कडं दिसतं," असं सासूबाई म्हणाल्या, तेव्हा सून बाळाच्या तोंडातून चप्पल ओढून काढत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "आई, आपल्या गाडीचेच दिवे धुरकटलेत. तुमच्या डोळ्यांना काय धाड भरलीय!"

हे वाक्य तिला चांगलंच भोवलं. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी सासूबाईंच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू सांगितला. "आता लांबवू नका, जितका पिकेल तितकं अवघड," असं बजावून ऑपरेशनची तारीखही दिली. पण सासूबाईंच्या डोक्यात बसलं होतं ते सुनेचंच वाक्य: दोष गाडीचा! आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसे नेमके तेव्हाच गॅरेजमागच्या पटांगणात काचमहाराज प्रकटले. मोटारीचे दिवे हल्ली प्लास्टिकचे असतात हे खरं, पण प्लास्टिकमहाराजांच्या पाया कोण पडणार?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सासूबाई हटूनच बसल्या. "गाडीचा मोतीबिंदू उतरला की धन्याचा उतरतो म्हणे. आधी तिथे चल. फुकट सुरी कशाला लावून घेऊ?"

बाळाला कडेवर घेऊन सून गाडीतून पटांगणात उतरली आणि बघतच राहिली. गाड्यांची ही लांबलचक रांग! प्रत्येक गाडीपुढे एक स्टूल, स्टुलावर मालक, आणि मालक डोळे मिटून गाडीच्या समोरासमोर, जणू मुलगी बघायला आलाय. गाड्यांना सकाळपासून उपास होता. पेट्रोलचा थेंब नाही. त्यामुळे निम्म्या ढकलत आणल्या होत्या.

"डावा दिवा म्हणजे डावा डोळा, उजवा म्हणजे उजवा!" महाराज गरजत होते. त्यांच्या स्वतःच्या नाकावर बाटलीच्या बुडाएवढा जाड चष्मा होता. कुणीतरी त्याबद्दल विचारलंच. "तुमचं सगळं धुकं मी ओढून घेतो रे बाळा, ते इथे साठतं!"

"महाराज, माझ्या मोटरसायकलला एकच दिवा आहे."

"मग एक डोळा आज, दुसरा पुढच्या महिन्यात."

"माझ्या ट्रकला चार आहेत," ट्रकवाला म्हणाला.

"बायकोला घेऊन ये."

"ती माझ्याशी बोलत नाही हो."

"म्हणून तर दोन दिवे जास्त अंधुक आहेत!"

गर्दीने माना डोलावल्या. सासूबाईंचा नंबर आला. महाराजांनी छोट्या बाटलीतलं 'नेत्रजल' फडक्यावर घेतलं, काहीतरी पुटपुटत उजव्या दिव्यावर फिरवलं, आणि काय सांगावं! पिवळट धुकं गेलं, दिवा लखलखला.

"आता डावा डोळा झाक, माई, आणि गाडीचा नंबर वाच!"

"बेचाळीस सतरा!" सासूबाई खणखणीत ओरडल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "अगं, दवाखान्यात फोन कर. उद्या येत नाही म्हणावं!"

सुनेने फोनला हात लावला नाही. उद्याची तारीख गेली तर आई पुन्हा दवाखान्याची पायरी चढणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तेवढ्यात बाळाने कडेवरूनच झेप घेतली, दिव्यावर फाडकन पंजा मारला आणि तोच पंजा तोंडाकडे नेला. आईचा हात विचार करत बसत नाही. तिने मूठ वरच्या वर धरली आणि सवयीने हुंगली.

वास ओळखीचा होता. रोज सकाळी तिच्या स्वतःच्या हातांना येणारा. बाळाच्या मालिशचं तेल!

तिने पिशवीतून ओल्या टिश्यूंचं पाकीट काढलं. आधी बाळाचा हात पुसला, मग दिवा. एक टिश्यू, दोन, तीन. दिवा पुन्हा होता तसा धुरकट.

"पाप! पाप!" महाराज किंचाळले. "म्हातारीचा डोळा फुटेल!"

सगळे सासूबाईंकडे बघू लागले.

"आई, फुटला का?"

"नाही गं. मघाशी होता तसाच आहे. धुरकट."

"मग नंबर कसा वाचलात?"

"वाचायचा कशाला? पंधरा वर्षं घरात असलेल्या गाडीचा नंबर मला पाठ नाही होय?"

"बरं, डावा डोळा झाकूनच शेजारच्या गाडीचा वाचा."

"शेजारी कुठाय गाडी?" सासूबाई शेजारच्या अख्ख्या ट्रककडे बघत म्हणाल्या.

मग एकच गोंधळ उडाला. जो तो दुसऱ्याच्या गाडीचा नंबर वाचू लागला, आणि एकाचाही बरोबर येईना. एवढा वेळ भिंतीला टेकून उभा असलेला गॅरेजवाला शेवटी पुढे झाला. "उन्हाने प्लास्टिकचा वरचा थर जळतो, त्यावर बारीक चरे पडतात. चऱ्यांत तेल बसलं की दिवा चमकतो, तेल धुतलं गेलं की पहिले पाढे पंचावन्न. ओल्या पॉलिश पेपरने जळका थर घासून काढायचा, पॉलिश करायचं, वर उन्हाला अडवणारा लेप द्यायचा. आतून खराब असेल तर दिवाच बदलायचा."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"कुणाला सांगू? सगळे डोळे मिटून बसला होतात!"

महाराजांनी तोवर काढता पाय घेतला होता. पण घाईत चष्मा पडला आणि आपली गाडी समजून ते ट्रकमध्ये चढले. ट्रकला उपास होता.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर सासूबाईंनी आधी सुनेकडे निरखून पाहिलं. "अगं, इतकी वाळलीस कधी?" मग वर बघून म्हणाल्या, "आणि पंख्यावर ही केवढी धूळ!"

सून हसली, पण तिला मनातून लाज वाटली. दिवा बाहेरून उन्हाने जळतो, मोतीबिंदू डोळ्याच्या आत वाढतो. दोघांना जोडणारी तार कुठल्याच गाडीत नसते. हे तिला आधीही कळत होतं. फक्त चप्पल सोडून मान वर करायला हवी होती.

म्हणून आता ती भेटेल त्याला सांगते, तुम्हालाही सांगते आहे: तुमच्या घरात कुणी 'दिव्याभोवती कडं दिसतं' म्हणालं होतं का? आजच त्यांना उजेडात बसवा. एक डोळा झाकायला सांगा, मग दुसरा. आणि वाचायला असं काहीतरी द्या, जे त्यांना पाठ नाही.