चहाआधीचा श्वास

मित्रांनो, मी एक जुनी रबराची बाहुली आहे. पण माझ्याशी कुणी मूल कधी खेळलेलं नाही. माझ्यावर मोठी माणसं शिकतात. पोटात पाणी भरलं की माझं वजन नुकत्याच जन्मलेल्या बाळाएवढं होतं. नाकातोंडावर मास्क नीट बसवून त्याला जोडलेली हवेची पिशवी दाबली, तर माझी छाती वर येते. मास्क जरा तिरपा बसला, तर हवा कडेने फुस्स करून निघून जाते आणि मी तशीच पडून राहते. एवढंच मला येतं.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिकडची एक संस्था आणि आपल्याकडचं एक मेडिकल कॉलेज यांनी मिळून खेड्यातल्या नर्सना शिकवायचं ठरवलं होतं. त्या कामासाठी मी बीड जिल्ह्यात, नांदूरघाटच्या पुढे माळावरच्या एका लहानशा आरोग्य केंद्रात आले. तिथे वीज मनात येईल तेव्हा यायची आणि नळ नावालाच होता. माझं पोट टँकरच्या पाण्याने भरलं.

शिकवायला ग्रेसबाई आल्या. परदेशी पाहुणी म्हणजे गोरीच असणार, असं धरून अर्धं गाव बघायला जमलं होतं. त्या निघाल्या आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या नर्स. त्यांच्याकडचे दवाखानेही इथल्यासारखेच होते म्हणे. बाळ रडलं नाही तर आधी पुसा, पाठ चोळा, तरी श्वास नसेल तर मिनिटाच्या आत मास्क लावा, हे त्यांनी करून दाखवलं. जाताना इथल्या वनमाला सिस्टरांना त्यांनी दुभाष्याकरवी बजावलं, की रोज सकाळी चहाआधी हिची छाती एकदा हलवायची, नाहीतर हात विसरतात.

वनमाला सिस्टरांनी ते पाळलं. पहिल्या वर्षी न रडलेली दोन लेकरं त्यांच्या हाताखाली रडती झाली. शाल-नारळ देऊन त्यांचा सत्कार झाला. मलाही टेबलावर ठेवून फोटो काढला.

मग केशरबाई आल्या. त्यांची लेक सायली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळंतपणाच्या खोलीत पाऊल टाकताच त्यांना मी दिसले, डोळे मिटलेली, हातपाय सोडून पडलेली.

"आवं सिस्टर, हे मेल्यावानी लेकरू कावून ठिवलंय हितं? माजी लेक मोकळी व्हायला आली हाय. आदी उचला ते!"

"मावशी, बाहुली हाय ती. शिकायची."

"आसंल. पर पोटुशीच्या नजरंला पडू नये. न्हाईतर आमी दुसरीकडं जातो."

केशरबाईंचं काही चुकलं, असं मला तेव्हाही वाटलं नाही. दिवस भरलेल्या लेकीला निपचित पडलेलं लेकरू कोण बघू देईल? सिस्टरांनी मला फडक्यात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवलं. सायलीला मुलगी झाली आणि ती खणखणीत रडली. बाहुली लपवली म्हणून लेकरू रडलं, असं गावभर झालं. मग मला बाहेर काढायचं धाडस कुणी केलं नाही. महागाची वस्तू, खराब नको व्हायला, म्हणून वर प्लॅस्टिकही चढवलं. सकाळचा चहा मात्र वेळेवर होत राहिला.

दोन वर्षं गेली. कपाटात उन्हाळा-पावसाळा कळत नाही. कंटाळा येतो म्हणावं, तर तोही पुढे पुढे येईनासा होतो.

एका दुपारी सायली दुसऱ्या बाळंतपणाला आली. तिच्या कळा, केशरबाईंचं धीर देणं, सगळं मी आतून ऐकलं. मुलगा झाला. रडण्याचा आवाज आला नाही. सिस्टरांनी पुसलं, पाठ चोळली, मास्क आणला. आणि मग मला तो ओळखीचा आवाज ऐकू आला. फुस्स. फुस्स. हवा कडेने निसटत होती. "मान सरळ, मान सरळ," सिस्टर स्वतःलाच सांगत होत्या. काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं, हातांना जमत नव्हतं. थोड्या वेळाने आवाज थांबला. रडणं आलंच नाही.

महिन्याभराने केशरबाई एकट्याच आल्या.

"सिस्टर, खरं सांगा. माजा नातू कशानं गेला?"

सिस्टरांनी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. "समदीच लेकरं वाचत न्हाईत, मावशी. पर माजा मास्क नीट बसला न्हाई. लई दिस सराव नव्हता."

"सराव त्या बाहुलीवरच करत व्हता न्हवं?"

"व्हय."

"काडा तिला भाईर."

सिस्टरांनी प्लॅस्टिक फाडलं, पोटात पाणी भरलं. केशरबाईंनी पिशवीतून एक कुंची काढली. हिरव्या खणाची, नातवासाठी शिवलेली, कोरी. ती माझ्या डोक्यावर घालून त्यांनी गळ्याशी नाडी बांधली.

"आता निजल्यावानी दिसती. कुणी काई म्हणलं, तर माजं नाव सांगा. करून दावा."

दोनदा फुस्स झालं. तिसऱ्यांदा माझी छाती वर आली. केशरबाईंनी तिच्यावर हात ठेवला.

"एवडंच व्हतं?"

"एवढंच, मावशी."

छाती वर येत होती, खाली जात होती. त्यांनी हात काढला नाही. त्या रडल्या नाहीत आणि सिस्टरही रडल्या नाहीत. दोघींपैकी कुणीतरी रडायला हवं होतं, असं मला वाटलं.

मित्रांनो, वस्तू जपून वापराव्यात, असं तुम्हाला शाळेत सांगतात. माझं मागणं उलटं आहे. तुमच्या गावच्या दवाखान्यात माझ्यासारखी कुणी कपाटात पडली असेल, तर कपाट उघडायला सांगा. मला जपू नका. रोज दाबा, रबर फाटेपर्यंत दाबा, फाटलं तर ठिगळ लावून पुन्हा दाबा. मला काही दुखत नाही.