सहा कोंबड्यांचा अर्ज

"मोजा, मास्तर."

"अहो सिस्टर, मोजायचं काय त्यात? दिसतंय ना मला."

"नाही. मोजा."

धुण्याच्या दगडाशेजारी जुनी चादर अंथरून सिस्टरनी सहा मेलेल्या कोंबड्या ओळीनं ठेवल्या होत्या. माना एकीकडे, पाय एकीकडे. चौतीस वर्षं इस्पितळात काढलेल्या बाईला मेलेलंसुद्धा वेडंवाकडं ठेवता येत नाही. कुंपणापलीकडे शेजारचे मास्तर साखळी घट्ट धरून उभे होते. साखळीच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा कुत्रा, ढब्बू. तोंडाला पिसं चिकटलेली, आणि शाबासकी अजून कशी मिळत नाही, असा चेहरा.

"सहा," मास्तर म्हणाले.

"होत्या सात. सातवी न्हाणीघराच्या पत्र्यावर बसलीय. खाली यायचं नाव नाही."

"मी भरून देतो ना. चिकनवाल्याकडे काय भाव असेल तो—"

"चिकनवाल्याकडे?" सिस्टरचा आवाज चढला. "अंडी देणाऱ्या कोंबड्या आहेत या, मास्तर. ही तुरा पडलेली दिसते ना, ही मेट्रन. पाच वर्षांची. मेट्रनला किलोवर घालू?"

मास्तर कसनुसं हसले. "सिस्टर, झालं ते वाईटच झालं. पण शेवटी कोंबड्याच त्या."

हे एक वाक्य ते बोलले नसते तर पुढचं बरंच टळलं असतं, असं सिस्टरना नंतर कितीदा तरी वाटलं. पण त्या क्षणी त्यांचं डोकं सणकलं. लग्न केलं नाही, भाऊ परगावी. सकाळी उठून 'चला गं' म्हणायला या सातजणीच होत्या. तेवढ्यात मास्तरांची बायको मागच्या दारात आली. तिला सिस्टर वहिनी म्हणत. वहिनींनी चादरीकडे पाहिलं, सिस्टरकडे पाहिलं आणि हसून विचारलं, "काय सिस्टर, आज ड्युटी नाही वाटतं?"

सिस्टरना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. जखमेवर मीठच चोळलं हिनं, असं त्यांना वाटलं. मास्तर घाईनं बायकोला आत घेऊन गेले. दार लागल्याचा आवाज आला.

बावीस वर्षांचा शेजार होता तो. सिस्टरनी पहिल्या कोंबड्या आणल्या तेव्हा त्यांना इस्पितळात पाळ्या असायच्या, कधी सकाळची, कधी दुपारची. त्या नसल्या की वहिनी मधल्या फाटकातून येऊन दाणे टाकायच्या, पाणी बदलायच्या, अंडी पदराखाली झाकून न्यायच्या आणि सिस्टर आल्या की मोजून द्यायच्या. त्याबद्दल कधी 'थँक्यू' म्हटल्याचं सिस्टरना आठवत नव्हतं. शेजाऱ्यांना कुणी 'थँक्यू' म्हणतं का? निवृत्तीनंतर मात्र येणंजाणं हळूहळू पातळ झालं. भांडण कसलंच नव्हतं. वहिनी फारशा बाहेर दिसेनाशा झाल्या, आणि या घुम्या होत चालल्यात, अशी सिस्टरनी समजूत करून घेतली. सोपी होती समजूत.

संध्याकाळी मास्तर पाकीट घेऊन आले. सिस्टरनी ते उघडलंसुद्धा नाही.

"मला मेहरबानी नको. तयार कोंबडीची किंमत पाहिजे. नवी पिलं आणली तर ती अंड्यावर यायला पाच महिने लागतात, त्या पाच महिन्यांची अंडी पाहिजेत. आणि तो कुत्रा इथून गेला पाहिजे. उद्या सातवीलाही धरेल."

"कुत्र्याचं एवढं नका लावून धरू, सिस्टर. पैसे म्हणाल ते देतो."

"पैशाचं कोण बोलतंय?" सिस्टर म्हणाल्या. खरं म्हणजे आत्तापर्यंत त्याच बोलत होत्या.

मास्तर काहीतरी सांगायला आल्यासारखे दोन मिनिटं उंबऱ्याशी घुटमळले. मग चपला घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सिस्टर पालिकेच्या कार्यालयात गेल्या. कारकुनानं अर्ज वरून खाली, खालून वर वाचला.

"सिस्टर, कोंबड्यांचा अर्ज कुठल्या टेबलावर जातो हे मलाच माहीत नाही. मोकाट कुत्र्यांचं त्या खिडकीत. पण हा तर पाळलेला. आणि मेलेत पक्षी."

"मग पाळलेल्यांचं टेबल कुठलं?"

"ते रजेवर आहेत."

पण सिस्टर म्हणजे रजेवरच्या डॉक्टरला घरून उचलून आणणारी बाई. चार दिवसांत जनावरांच्या डॉक्टरचा दाखला आला, शेजारपाजारच्या दोन सह्या झाल्या आणि कारकून स्वतः पाहणीला आला. परसात उकिडवा बसून त्यानं खुराड्याचं दार हलवून पाहिलं. जाळी शाबूत, लाकूड शाबूत.

"त्या दिवशी दार बंद होतं?"

"बंद होतं. मी स्वतः कडी लावून बाजारात गेले होते."

"आणि आलात तेव्हा?"

इस्पितळात नव्या मुलींना सिस्टर एकच गोष्ट पढवायच्या. पेशंटच्या कागदावर जे दिसलं ते लिहायचं, जे वाटलं ते नाही. आणि दिसलेलं काही गाळायचं नाही. त्या बाजारातून परत आल्या तेव्हा त्यांना दिसलं होतं ते हे, की दार सताड उघडं होतं आणि कडी नीट वर उचलून बाजूला लोंबत होती. वाकलेली नाही, मोडलेली नाही. कुत्रा दाराला धडक देईल, जाळी फाडेल, खालची माती उकरेल. कडी उचलणार नाही.

"आले तेव्हा कोंबड्या मेल्या होत्या," सिस्टर म्हणाल्या.

कारकुनानं तेवढंच लिहिलं.

अधिकाऱ्यांसमोर दोघांना बोलावलं त्या दिवशी सिस्टर अगदी तयारीनं गेल्या होत्या. मास्तर काय म्हणतील आणि आपण काय म्हणायचं, सगळं मनात घोकून. पण मास्तर काही म्हणालेच नाहीत. आकडा वाचून दाखवला, मान्य. कुत्रा आठ दिवसांत हलवायचा, मान्य.

"कुत्रा सुटला कसा?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मधलं फाटक मी लावायला विसरलो," मास्तर म्हणाले. "चूक माझी. घरात दुसऱ्या कुणाचा संबंध नाही." आणि खिशातलं पेन काढून त्यांनी सही केली. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेल्या माणसाची सही, पण ओळ सोडून खाली घसरलेली.

सिस्टर जिंकल्या. बाहेर पायऱ्यांवर दोघं एकदमच उतरले. मास्तरांनी त्यांना पुढे जायला वाट दिली.

रविवारी लाकडाच्या वखारीतून एक टेम्पो आला आणि ढब्बूला राखणीला घेऊन गेला. चढताना तो काही ओरडला नाही, बाहेर फिरायला नेतायत असंच त्याला वाटलं असावं. सिस्टर स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होत्या. बरं झालं, असं त्यांनी मोठ्यानं म्हणूनही पाहिलं. उरलेली कोंबडी पत्र्यावरून उतरली होती, पण तिनं अंडी द्यायचं बंद केलं होतं.

बुधवारी दुपारी त्या जेवून पडल्या होत्या. परसात कडीचा आवाज झाला. सिस्टर उठून मागच्या दारात आल्या.

खुराड्यापाशी वहिनी उभ्या होत्या. पायांत दोन वेगवेगळ्या चपला, हातात वाटी. त्यांनी कडी उचलून नीट बाजूला सोडली, दार सताड उघडलं आणि आत मूठभर डाळ टाकली. "आऽ आऽ आऽ... या गं बायांनो." मग मागे वळून, मोकळ्या जागेकडे बघत, "ढब्बू, तू बस तिथेच. मधे मधे यायचं नाही."

सिस्टर पुढे झाल्या.

"वहिनी, काय करताय?"

वहिनी दचकल्या नाहीत. "आलात का? मला वाटलं, तुमची दुपारपाळी आहे. म्हटलं, उपाशी राहतील बिचाऱ्या."

"वहिनी, आज वार कोणता?"

वहिनी हसल्या. फार गोड, सभ्य हसू. उत्तर येत नसलं की माणसं जे हसू पुढे करतात ते. सिस्टरनी ते शेकडो खाटांवर पाहिलं होतं. "अगंबाई, आता हे आमच्या ह्यांनाच विचारा. वार, तारखा सगळं त्यांच्याकडे."

दारातून चेहरा बघून ताप सांगणारी सिस्टर, असं इस्पितळात लोक त्यांच्याबद्दल म्हणत. आणि इथे दहा पावलांवर, एका कुंपणापलीकडे हे चाललं होतं. वहिनींचा हात धरून त्या मधल्या फाटकातून शेजारी गेल्या. मास्तर सगळ्या घरात बायकोला शोधत होते. तोंडाला दाढीचा साबण तसाच.

वहिनींना खुर्चीत बसवल्यावर सिस्टरनी हळू आवाजात विचारलं, "कधीपासून?"

"दीड वर्ष झालं असेल."

"आणि मला सांगितलं नाहीत? मास्तर, मी नर्स आहे!"

"म्हणूनच नाही सांगितलं." मास्तरांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "तुम्ही ओळखलं असतंत तर मग ते खरंच ठरलं असतं. तुम्ही येता जाता तिच्याशी बोलायचात, काही म्हणायचा नाहीत. मला वाटायचं, सिस्टरना दिसत नाही म्हणजे एवढं काही नसणार."

मास्तरांनी टॉवेलची घडी घातली.

"त्या दिवशी खुराडं हिनंच उघडलं. मी मागून धावत आलो, तोवर होत्याचं नव्हतं झालं होतं. पण ऑफिसच्या कागदावर हिचं नाव मला यायला नको होतं, सिस्टर. उद्या कुणी म्हटलं असतं, बाईंना कुठेतरी ठेवा."

"आणि कुत्रा?"

"तो हिच्याबरोबर असायचा. ही कुठेही चालत सुटली तरी तिला वळवून आणायचा. कसं ते मला नाही माहीत. आता मी किराणा आणायला जातो तेव्हा बाहेरून कुलूप लावतो." मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले. "बायकोला कुलूप लावतो मी."

सिस्टर दुसऱ्या दिवशी सकाळीच वखारीवर गेल्या. मालक ओंडके मोजत होता. "तो कुत्रा? अहो, मंगळवारीच दोर तोडून पळाला. आम्हाला वाटलं, गेला असेल तुमच्याकडेच."

वखारीपासून घर आठ मैल, मध्ये मोठा रस्ता. सिस्टर तीन दिवस त्या रस्त्यानं फिरल्या. टपऱ्यांवर विचारलं, पेट्रोलपंपावर विचारलं. पंपावरचा माणूस म्हणाला, "कुत्री रोजच मरतात इथं, बाई. तुमचा कसला होता?" तेव्हा 'माझा नव्हता' हे सांगायला त्यांची जीभ वळली नाही.

चौथ्या दिवशी त्या पालिकेत गेल्या.

"अर्जात एक ओळ राहिलीय," त्या कारकुनाला म्हणाल्या. "मी परतले तेव्हा कडी उचललेली होती. मी पाहिलं होतं. ते लिहायचंय."

कारकुनानं चष्मा कपाळावर चढवला. "ही ओळ कुणाच्या बाजूची?"

"त्यांच्या."

"पण सिस्टर, तुम्ही जिंकलात ना? फाइल बंद झाली. बंद फाइलमध्ये दुरुस्ती होत नसते."

"आणि चूक झाली असेल तर?"

"तर ती चूक धरूनच बंद होते," कारकून म्हणाला, आणि आपण काही क्रूर बोललो की काय असं वाटून त्यानं त्यांच्यासाठी चहा मागवला. सिस्टरनी तो घेतला नाही.

भरपाईचं पाकीट त्यांनी मास्तरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं, तेव्हा मास्तरांनी ते तसंच परत केलं. रागानं नव्हे. "कोंबड्या मेल्या होत्या ना? मग ते तुमचेच. त्यात खोटं काही नव्हतं." सिस्टरना वाटलं, यांनी चार शब्द सुनावले असते तर फार बरं झालं असतं.

त्या दिवसापासून रोज चार वाजता सिस्टर शेजारी जातात. मास्तर तेवढ्या वेळात बाजार करतात, नाहीतर नुसतेच झोपतात. कुलूप आता लागत नाही. वहिनींना चालायला आवडतं, म्हणून दोघी गल्लीच्या टोकापर्यंत जातात, शाळेच्या भिंतीला वळसा घालून परत येतात. वहिनी भराभर चालतात आणि सिस्टरचे गुडघे दुखतात, पण थांबा म्हटलं तर वहिनी थांबत नाहीत. तेव्हा त्याही चालतात.

परवा शाळेच्या भिंतीपाशी वहिनी अचानक म्हणाल्या, "आमच्या शेजारी एक बाई आहेत. फार चांगल्या. पण हल्ली आमच्याशी बोलत नाहीत."

सिस्टरनी वाट पाहिली. मग विचारलं, "का बरं?"

"काही तरी झालं असेल. माझंच काही चुकलं असेल." वहिनींचा चेहरा शिक्षा झालेल्या मुलीसारखा झाला. "मला आठवत नाही ना. आठवलं असतं तर जाऊन माफी मागितली असती."

"तुमचं नाही चुकलं, वहिनी."

"नाही ना?" वहिनींनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही ओळखता का त्यांना?"

समोरून शाळा सुटलेली मुलं गलका करत येत होती. सिस्टरनी वहिनींना रस्त्याच्या आतल्या बाजूला घेतलं आणि मुलं पुढे जाईपर्यंत त्यांचा हात धरून ठेवला.

"ओळखते," त्या म्हणाल्या. "थोडंसं."