लाल दोरा, निळा दोरा

बायको प्रयोगशाळेत पेशी वाढवायची, मी शिवणकाम करतो. तिच्या कामातलं मला एवढंच समजायचं: पेशी एकीच्या दोन होतात, त्यासाठी आत एक एंझाइम तयार व्हावं लागतं. एका रसायनामुळे ते तयार होणंच कमी होतं, असं तिचं म्हणणं होतं.

म्हणणं खरं करायचं तर मोजणाऱ्याला पेशींच्या कुठल्या बशीत रसायन आहे ते माहीत नसावं. तिलासुद्धा. म्हणून ती मला घेऊन गेली. "तिथे कुणाच्या तोंडात तीळ भिजत नाही, शिंपीबुवा. तुम्हीच करा."

सारख्याच दोन बाटल्या होत्या. एकीत रसायन, दुसरीत ते विरघळवायचं नुसतं द्रावण. वरच्या नावाच्या चिठ्ठ्या सोलून मी एकीला लाल दोरा बांधला, एकीला निळा, आणि कुठला कशाचा ते मापांच्या वहीत लिहिलं.

"मी पाया पडले तरी मोजणी होईपर्यंत सांगायचं नाही," तिने बजावलं.

पुढे ती आजारी पडली. दवाखान्यात एका दुपारी म्हणाली, "अहो, आता तरी सांगा."

"मोजणी झाल्यावर."

"करणार कोण?"

"तू. घरी आलीस की."

सांगितलं असतं तर ती परत येणार नाही हे मी कबूल केल्यासारखं झालं असतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लाल."

मी चादरीची घडी घालायला लागलो. ती हसली. चार दिवसांनी गेली.

दीड महिना मला एकच खात होतं. एवढंसं मागितलं होतं तिने, आणि मी दिलं नाही.

काल तिची विद्यार्थिनी दुकानात आली. "काका, मोजणी झाली. लाल दोऱ्याच्या बाटलीतलं घातलेल्या सगळ्या बशांत एंझाइम निम्म्याहून कमी आहे. निळ्यात जसंच्या तसं. पण लाल म्हणजे काय, ते तुम्हालाच ठाऊक."

मी वही काढली. एका गिऱ्हाइकाच्या कंबरेच्या मापाखाली माझ्याच अक्षरात होतं: लाल, रसायन.

मी ते वाचून दाखवलं तशी ती स्टुलावर बसली. डोळे पुसले, पिशवीतून बायकोची प्रयोगाची वही काढली. "मॅडमनी दवाखान्यात मागवून घेतली होती. शेवटचं पान तुम्हाला दाखवायला सांगितलं होतं, पण तुम्ही रंग सांगितल्यावरच."

अक्षर थरथरतं होतं, पण तिचंच. तारीख त्याच दुपारची.

"अंदाज: लाल. आधार: यांचा चेहरा. पुरावा म्हणून धरू नये."

मी दोनदा वाचलं. मग विचारलं, "माझ्या तोंडावर एवढं दिसतं का गं?"

"आत्तासुद्धा दिसतंय, काका," ती म्हणाली.