उकिरड्यातल्या सुया

ट्रॉली उकिरड्याला लागली तेव्हा ज्ञानबा ओट्यावर बसले होते. हातातला चहा कधीच निवला होता.

चार दिवसांपूर्वी उपकेंद्रातल्या सिस्टर ज्ञानबांच्या बायकोची, यशोदाबाईंची, शुगर तपासायला आल्या होत्या. तिला इन्सुलिनचं पेन टोचायचं काम ज्ञानबांचं. "वापरलेल्या सुया कुठं टाकता?" सिस्टरनं सहज विचारलं.

"टाकतो इकडं तिकडं."

फिनाईलचा रिकामा जाड डबा घ्या, सुई काढली की त्यात टाका, झाकण घट्ट लावा, भरत आला की चिकटपट्टी लावून केंद्रात आणून द्या, असं त्या सांगून गेल्या. ज्ञानबांनी त्याच दिवशी डबा धुऊन ठेवला. पण आधीच्या वर्षभराच्या सुया चुलीच्या राखेबरोबर उकिरड्यात गेल्या होत्या. लोखंड आहे, गंजून जाईल, असं त्यांना वाटलं होतं. हे त्यांनी सिस्टरला सांगितलं नाही, मुलाला, बजरंगलाही नाही. रोज सकाळी सांगायचं ठरवायचे. रोज राहून जायचं.

आता हळदीच्या रानात खत टाकायचं होतं. मजुरीला आलेली रुक्माबाई पदर खोचून अनवाणीच उकिरड्यात उतरली आणि हातानं ढेकळं फोडून टोपलं भरू लागली.

"रुक्मे, चपला तरी घाल," ज्ञानबा म्हणाले.

"तात्या, शेणात चपला घालून कोण उतरतं? माजं लगीन हाय का आज?"

बजरंग हसला. "बापू, तुमी चहा प्या निवांत."

ज्ञानबा उठले. "हात काढ भाईर. भाईर ये आदी."

"काहून? साप हाय का?"

"सुया हायेत. इंजेक्शनच्या. म्या टाकल्या."

रुक्माबाई टोपलं टाकून बाहेर आली. दारातून यशोदाबाई म्हणाल्या, "बगा आता! टोचून घेऊ मी, अन् फेकता तुमी!"

"बापू, चार दिस खताचं बोलून राहिलो. तवा काहून सांगितलं न्हाई?"

ज्ञानबांनी स्वतः साबण आणला, रुक्माबाईच्या हातापायांवर पाणी ओतलं, चष्मा लावून तिचे तळवे पाहिले. भेगा इतक्या होत्या की जुनं काय अन् नवं काय, कळेना. अंगठ्याजवळ एक लाल ठिपका मात्र ताजा दिसत होता.

"काय टोचलं का गं?"

"टोचतच राहतं की रोज." मग ती हळूच म्हणाली, "घरी तीन लेकरं हायेत, तात्या."

त्यांनी सिस्टरला फोन लावला. सगळं सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, "उकिरडा उकरू नका, मी येऊन बघते. अन् तिला आत्ताच्या आत्ता वसमतच्या दवाखान्यात न्या. उशीर करू नका."

बजरंगनं रिकामी ट्रॉली मागं घेतली. "हळदीला काय घालू मग?" मग तो बाभळीच्या काट्या ओढून उकिरड्याभोवती लावू लागला.

एसटीत रुक्माबाई खिडकीशी बसली, ज्ञानबा कडेला. शिरड शहापूर गाव मागं पडलं. मग तिनं पाय जरासे पुढं केले. पायात चपला, बजरंगच्या बायकोच्या असाव्यात, निळ्या, एक पट्टा तुटका.

"घातल्या बगा, तात्या, चपला."

ज्ञानबांनी पाहिलं. मान हलवली. हसायला काही जमलं नाही.